करवीरची राजचिन्हे आणि राज्यकारभार

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या संस्थानिकाचा मान तोफांनी मोजला जाई. २१ तोफांची सलामी पाच संस्थानांना होती: हैदराबाद, म्हैसूर, काश्मीर, बडोदा आणि ग्वाल्हेर. कोल्हापूरला, म्हणजे करवीर संस्थानाला, १९. बडोद्याचे गायकवाड आणि ग्वाल्हेरचे शिंदे ही मूळची छत्रपतींच्या सरदारांची घराणी. त्यांना २१, आणि ज्या भोसले घराण्याच्या नावाने ही घराणी मोठी झाली त्याच्या गादीला दोन तोफा कमी. सातारची गादी १८४८ साली खालसा झाली, तंजावरचे राज्य पुढे काही वर्षांत गेले. भोसले छत्रपतींचे राज्य म्हणून मागे राहिले ते एकटे करवीर. तोफांचा हिशेब करणाऱ्यांना मुलूख, उत्पन्न आणि सोयीचे राजकारण एवढेच कळत होते. गादीची पुण्याई त्यांच्या तक्त्यात कुठेच बसत नव्हती.

राज्याची चिन्हे आणि राज्याची सत्ता या दोन गोष्टी एकाच मापाने वाढत नाहीत, हे कोल्हापूरच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते. इथे सत्ता गेली आणि चिन्हे झळाळली, असा एक काळ आला. उरलेल्या थोड्या सत्तेतून चिन्हांना नवा अर्थ मिळाला, असा दुसराही काळ आला. त्याआधी या राज्याला सत्ता होती ती कोणती आणि किती, हे पाहायला हवे.

महाराणी ताराबाईंनी १७१० च्या सुमारास पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली. १७१४ मध्ये पन्हाळ्यावरच सत्तापालट होऊन दुसरे संभाजी गादीवर आले, आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व करवीर ही दोन राज्ये एकमेकांनी मान्य केली. राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरात आली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्या काळी हे राज्य समुद्रापर्यंत पोचत होते. मालवणच्या कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग करवीरकरांकडे होता, त्यांची गलबते तिथून फिरत. १८१२ च्या तहात सिंधुदुर्ग इंग्रजांना द्यावा लागला आणि त्यांच्या संमतीशिवाय कोणाशी लढाई न करण्याचे कलम मान्य करावे लागले. समुद्र गेला, आरमार गेले, परराज्यांशी व्यवहार करण्याचा हक्क गेला. स्वतंत्र राज्याची जी पहिली ओळख, ती त्या एका तहात संपली.

पुढची पन्नास वर्षे उरलेसुरले जाण्याची. १८४४ साली इंग्रजांनी नेमलेल्या कारभाऱ्याच्या नव्या व्यवस्थेविरुद्ध सामानगड, भुदरगड, पन्हाळा इथल्या गडकऱ्यांनी उठाव केला. तो मोडल्यावर किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली. पन्हाळ्याचा चार दरवाजा तेव्हाच जमीनदोस्त झाला. आज पर्यटक तीन दरवाजापाशी फोटो काढतात, त्यांतल्या फार थोड्यांना दुसरा एक मोठा दरवाजा नाहीसा का झाला हे ठाऊक असते. १८५७ मध्ये छत्रपती बाबासाहेबांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांनी उठावाला हात घातला, म्हणून त्यांना कराचीला नेऊन ठेवले. ते परत आले नाहीत. १८६२ च्या करारात, महत्त्वाच्या प्रत्येक बाबतीत ब्रिटिश सरकारच्या सल्ल्याने वागण्याचे बंधन छत्रपतींवर आले. त्याच वर्षी दत्तकाची सनदही मिळाली. गादी चालत राहील याची हमी, आणि गादीवर बसणाऱ्याच्या हाती फार काही राहणार नाही याचीही हमी, अशा दोन्ही गोष्टी एका वर्षात झाल्या.

आतला कारभारही सरळ नव्हता. छत्रपतींच्या छत्राखाली मोठमोठ्या जहागिरी होत्या आणि त्या जहागिरींची नावे म्हणजे जुन्या मराठी राज्याचा अर्धा दरबार. विशाळगडचे पंतप्रतिनिधी, बावड्याचे पंतअमात्य, कापशीचे सेनापती घोरपडे, तोरगलचे शिंदे, कागलचे घाटगे, इचलकरंजीचे घोरपडे, हिंमतबहाद्दर चव्हाण, सरलष्कर निंबाळकर. आज्ञापत्राचे कर्ते म्हणून ओळखले जाणारे रामचंद्रपंत अमात्य हे बावडेकरांचे मूळपुरुष, तर कापशीकर हे संताजी घोरपड्यांचे वंशज. शिवकाळातली आणि राजारामकाळातली पदे इथे विसाव्या शतकापर्यंत किताब म्हणून नांदत होती. त्यांपैकी मोठ्या जहागीरदारांच्या गंभीर खटल्यांत पोलिटिकल एजंटाचा हात असे. छत्रपतींना आपल्याच सरदाराला जाब विचारायचा तर मध्ये इंग्रज उभा. खुद्द दरबारच्या मुलखाच्या पेठा होत्या: करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ, गडहिंग्लज, भुदरगड, आणि थेट आजच्या बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबाग व कटकोळ. सीमाभागातल्या त्या गावांत करवीर दरबारचे कागद अजून घराघरांत सापडतात.

सत्ता अशी आटत असताना चिन्हांचा थाट वाढत गेला. १८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना रेशमी निशाणे वाटली गेली. त्यांवरची युरोपीय धर्तीची कुलचिन्हे रॉबर्ट टेलर नावाच्या एका बंगालच्या सनदी अधिकाऱ्याने बेतली होती. ज्यांच्या घराण्यांच्या मुद्रा दोनशे वर्षे फर्मानांवर उमटत होत्या, त्यांना ढाल, शिरोभूषण आणि दोन बाजूंना आधार देणारे प्राणी असे परक्या पद्धतीचे चित्र बहाल झाले. त्याच वर्षी कोल्हापुरात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याने नवा राजवाडा उभा राहू लागला. घड्याळाचा मनोरा, काळा दगड, राजस्थानी छत्र्या आणि इंग्रजी दालने यांचे ते मिश्रण १८८४ मध्ये पुरे झाले. वास्तू म्हणून ती देखणी आहे, तिच्याविषयी कोल्हापूरकराला अभिमान वाटतो तो रास्तच. पण ती बांधली जात होती तेव्हा गादीवर कोण होते, हे विसरता येत नाही.

गादीवर होते चौथे शिवाजी, पोरसवदा छत्रपती. ते वेडे आहेत असे ठरवून कारभार दुसऱ्यांच्या हाती ठेवला गेला. महाराजांचा छळ होतो अशी पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’त छापल्याबद्दल दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला केला आणि टिळक व आगरकर यांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. महाराज १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. तिथे त्यांच्या वाट्याला काय आले, याबद्दलचा संताप महाराष्ट्राने दीर्घकाळ जपला. त्यांच्या आधीचे राजाराम महाराज तर परदेशातच गेले. विसाव्या वर्षी विलायतेचा प्रवास आटोपून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला त्यांचा अंत झाला. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने दहन झाले, आणि तिथेच पुढे त्यांची छत्री उभारली गेली. तिचाही आराखडा मँट यांचाच. शेजारच्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक आजही ‘हिंदी माणसाचा पूल’ म्हणतात. करवीरचे एक राजचिन्ह असे इटलीत, परक्या नदीकाठी, सव्वाशेहून अधिक वर्षे नीट उभे आहे. तिकडच्या लोकांनी ते जपले याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

१७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. २ एप्रिल १८९४ ला त्यांच्या हाती अधिकार आले. त्यांच्या राज्याच्या सीमा, तोफा, तह, रेसिडेन्सीची नजर, काहीही बदलले नव्हते. बदलला तो एका गोष्टीचा अंदाज. परराष्ट्र व्यवहार नाही, सैन्य नावापुरते, पण दरबारची नोकरी, शाळा, वतने, इनामे, देवस्थाने, पाणी आणि जमीन यांवर दरबारचा हुकूम चालतो, हे त्यांनी ओळखले. या लहान राज्याच्या कारभाराचा खरा इतिहास तिथून सुरू होतो, असे माझे मत आहे.

सुरुवात झाली ती एका चिन्हाच्याच वादातून. १८९९ च्या कार्तिकस्नानावेळी पंचगंगेवर महाराजांसाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त म्हटले जात होते. छत्रपतींना क्षत्रिय म्हणून वेदोक्ताचा अधिकार नाही, अशी राजोपाध्यांची भूमिका. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकावेळचा प्रश्न सव्वादोनशे वर्षांनी त्यांच्याच गादीपुढे पुन्हा आला. पुष्कळांनी हा मानापमानाचा किरकोळ तंटा मानला, आणि आजही काही जण तसेच लिहितात. मला ते पटत नाही. राजाचे क्षत्रियत्व नाकारणे म्हणजे त्याच्या राज्याच्या अधिष्ठानालाच हात घालणे होते. महाराजांनी उत्तर दिले तेही राजसत्तेच्या भाषेत: १९०२ मध्ये राजोपाध्यांचे वतन जप्त केले. आणि १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूचे पीठ स्थापून सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांची त्यावर नेमणूक केली. धर्मपीठाचे चिन्ह एका मराठा तरुणाच्या हाती दिले.

२६ जुलै १९०२ रोजी ‘करवीर सरकारचे गॅझेट’ या दरबारच्या अधिकृत पत्रात एक हुकूम छापला गेला. त्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या, म्हणजे शेकडा ५०, मागासलेल्या वर्गांतल्या लोकांनी भराव्यात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व मागास, अशी व्याख्याही त्यात होती. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत होते. तिथे केंब्रिजने त्यांना एलएल. डी. दिली, तिकडच्या दरबारी मिरवणुकांत ते सामील झाले. त्या प्रवासातल्या पोशाखांची आणि पदकांची छायाचित्रे पुष्कळदा छापली जातात. पण त्या वर्षी करवीर राज्याने जगाला दिलेली गोष्ट गॅझेटच्या त्या पानावर होती. महाराज अधिकारावर आले तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. १९१२ पर्यंत अधिकारी ९५ झाले आणि त्यांत ब्राह्मण ३५ राहिले. दहा वर्षांत एका संस्थानाची कचेरी आतून पालटली.

मग हुकमांची रांगच लागते. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठरला. त्याच वर्षी विधवाविवाहाला कायद्याचा आधार मिळाला. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बरखास्त होऊन पगारी तलाठी आले, आणि महार वतनाच्या बेड्याही सैल झाल्या. आंतरजातीय विवाह, घटस्फोट, सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता न पाळणे, देवदासी प्रथेला बंदी हे सगळे १९२० च्या सुरुवातीपर्यंत झाले. ज्या संस्थानाला स्वतःचा वकील परराज्यात पाठवता येत नव्हता, त्याने ब्रिटिश मुलखाला जे धाडस झाले नाही ते कायद्याने केले. पुरोगामी असल्याचा दावा करणाऱ्या आपल्या राज्याने शाहूंच्या नावाचा जप केला तेवढ्या मनाने हे हुकूम वाचले असते, तर अनेक प्रश्नांवर आज वेगळे बोलणे झाले असते.

राजचिन्हांचे काय झाले, तेही याच काळात पाहावे. राजाचा खडखडा, म्हणजे त्याची घोडागाडी, हेही एक राजचिन्हच. ती जिथे थांबते तिथे राज्य थांबते. पूर्वी अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. त्यांच्या हातचा चहा कोण पिणार, हा प्रश्न होता. महाराजांनी आपला खडखडा त्या हॉटेलापुढे उभा केला आणि चारचौघांदेखत तिथला चहा घेतला. बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांना मग तो घेणे भागच होते. राजचिन्हाचा इतका समर्पक वापर मला दुसऱ्या कोणत्याही संस्थानच्या इतिहासात आढळलेला नाही. मार्च १९२० मध्ये संस्थानातल्या माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अस्पृश्यांचा पुढारी म्हणून लोकांपुढे उभे केले, तेही छत्रपतींच्या गादीचे वजन पाठीशी उभे करून. आणि १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी क्षत्रियांच्या सभेने त्यांना ‘राजर्षी’ म्हटले. सरकारने दिलेली जीसीएसआय, जीसीआयई ही अक्षरे आता कोणाला आठवत नाहीत. लोकांनी दिलेला तो एक शब्द नावापुढे कायमचा लागला.

६ मे १९२२ ला महाराज मुंबईत वारले. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या काळात संस्थानला स्वतःचे हायकोर्ट मिळाले, कारभाराला आधुनिक वळण आले. पण त्याच काळात एक नवा प्रश्न उभा राहिला: राजा कितीही भला असला तरी प्रजेला हक्काचा कारभार कधी मिळणार? १९३९ मध्ये प्रजा परिषद स्थापन झाली. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांनी जबाबदार राज्यपद्धतीची मागणी गावोगाव नेली. सत्यशोधकी वळणाचे बागल गादीविरुद्ध बोलतात, आणि बोलताना शाहूंचेच संस्कार सांगतात, हे त्या चळवळीचे बळ होते.

या लढ्यातली सर्वांत बोलकी घटना पुन्हा एका चिन्हाची आहे. शहराच्या मध्यभागी मुंबईचे माजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ मध्ये भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हावीरे या दोन बायकांनी त्या पुतळ्याला डांबर फासले. पुढच्या वर्षी स्वातंत्र्यसैनिकांनी तो फोडला. आणि १९४५ मध्ये त्याच जागी भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला. तोच आजचा शिवाजी चौक. गव्हर्नरच्या जागी छत्रपती आले, ते दरबारच्या हुकमाने आले नाहीत. पुढे ९ डिसेंबर १९५० रोजी बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. संस्थान विलीन होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तेवढ्यात शहराने आपली नवी चिन्हे निवडली होती.

विलीनीकरण सहज झाले नाही. राजाराम महाराज १९४० मध्ये वारले, दत्तक घेतलेला बाळराजा १९४६ मध्ये गेला, आणि १९४७ मध्ये थोरल्या देवासचे महाराज, शाहूंच्या कन्येचे पुत्र, शहाजी छत्रपती म्हणून गादीवर आले. दक्षिणेतली बहुतेक मराठी संस्थाने मार्च १९४८ मध्ये मुंबई राज्यात गेली, कोल्हापूर मात्र वेगळे राहिले. गांधीहत्येनंतरच्या दंगलींनी शहर होरपळले, भारत सरकारने प्रशासक नेमला, आणि १ मार्च १९४९ रोजी करवीर राज्य मुंबई राज्यात विलीन झाले.

चिन्हे वरून मिळतात की लोक निवडतात, हे पाहताना इथे मॉरिशसकडे नजर टाकावीशी वाटते. १८१० मध्ये ते बेट इंग्रजांनी घेतले, म्हणजे करवीरचा सिंधुदुर्ग गेला त्याच्या दोनच वर्षे आधी. १८३४ नंतर तिथल्या उसाच्या मळ्यांत हिंदी मजूर गेले, त्यांत कोकण-घाटावरची मराठी माणसेही होती. मॉरिशस १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झाले, १२ मार्च १९९२ ला प्रजासत्ताक झाले. त्यांनी तांबडा, निळा, पिवळा, हिरवा असा चार पट्ट्यांचा नवा झेंडा घेतला, पण डोडो पक्षी आणि सांबर असलेले राजचिन्ह १९०६ साली इंग्रजांनीच दिलेले ठेवले. गणेशचतुर्थी तिथे सार्वजनिक सुट्टी आहे. म्हणजे मळ्यातल्या मराठी मजुराचा सण त्या राष्ट्राच्या कॅलेंडरात गेला. करवीरला राष्ट्र व्हायचे नव्हते आणि होणेही इष्ट नव्हते. तरी दोन्हीकडे दिसते ते एकच: वरून मिळालेले चिन्ह कागदावर राहते, आणि लोकांनी घरात आणलेले चिन्ह पिढ्यान्‌पिढ्या चालते.

कोल्हापुरात तसे काय काय चालत आले? दसरा, सर्वांत आधी. अंबाबाई आणि तुळजाभवानीच्या पालख्या दसरा चौकात येतात, छत्रपतींची भगव्या रंगाची मेबॅक गाडी येते, शमीपूजन होते, आणि सोने लुटायला सगळे शहर धावते. तिथे १९ तोफा नसतात, त्यांची आठवणही कोणी काढत नाही. संस्थानची राजाराम रायफल्स ही पलटण भारतीय सेनेत मराठा लाइट इन्फंट्रीची १९ वी बटालियन झाली. १९७१ च्या घटनादुरुस्तीने तनखे आणि किताब संपले. २०२४ मध्ये गादीचे वारस शाहू छत्रपती यांनी लोकसभेची निवडणूक लढवली आणि कोल्हापूरचे खासदार झाले. गादीवर बसलेल्या माणसाने मतदाराच्या दारी जाऊन मत मागावे, हे प्रजा परिषदेच्या कार्यकर्त्यांनी पाहायला हवे होते. १७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन कोल्हापुरात झाले. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची वारी त्यामुळे वाचली. हायकोर्ट असलेले गाव १९४९ मध्ये हायकोर्टाविना झाले होते, ती उणीव भरायला पाऊणशे वर्षे लागली. ६ मे २०२२ रोजी, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी दहा वाजता सबंध शहर १०० सेकंद उभे राहिले. रिक्षा थांबल्या, भाजीवाल्या बायका उभ्या राहिल्या. असा मान कोणत्याही दरबाराच्या तक्त्यात बसत नाही.

वास्तूंची काळजी मात्र आपण तेवढ्या मनाने घेत नाही. शाहूंनी १९१५ मध्ये उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत होरपळले. कोल्हापूरकर त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडले. दगडी भिंती पुन्हा बांधता येतात. कागद जळले किंवा वाळवीने खाल्ले तर ते पुन्हा मिळत नाहीत, आणि या राज्याची खरी कमाई कागदांत आहे. शिवाजी विद्यापीठाने राजर्षी शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंड काढले, डॉ. जयसिंगराव पवार यांच्यासारख्या अभ्यासकांनी आयुष्य त्यात घातले, म्हणून आज आपल्याला एवढे तरी सांगता येते. जहागीरदारांच्या दफ्तरांत, रायबाग-कटकोळच्या वाड्यांत, गावच्या पाटलांच्या ट्रंकांत मोडीतले हुकूम, सनदा, कोर्ट फीचे स्टॅम्प लावलेले अर्ज आहेत. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, विकू नयेत. कोल्हापूरच्या पुरालेखागाराला किंवा विद्यापीठाला दाखवावेत, निदान त्यांची छायाचित्रे करून द्यावीत. मोडी शिकायला फार दिवस लागत नाहीत, कॉलेजच्या मुलांनी ती शिकावी. आणि २६ जुलै १९०२ च्या गॅझेटचे ते पान प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात, शाळेच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरांत लावावे.